विनिपेगपेक्षा नाशिकची बेडरूम थंड: सीपॅपवाल्यांसाठी

कॅनडात विनिपेगला जानेवारीत बाहेर उणे तीस असतं आणि झोपेत मास्कमधून हवा देणाऱ्या माझ्या सीपॅप मशीनच्या नळीत पाण्याचा थेंब नसतो. नाशिकला डिसेंबरात बाहेर दहा अंश असतात, आणि तेच मशीन, तीच नळी पहाटे नाकात पाणी सोडते. गंगापूर रोडच्या आमच्या घरी हे कुणाला पटत नाही. आई म्हणते, "कॅनडात राहणाऱ्यांनी आम्हाला थंडीचं कौतुक सांगू नये." पण मशीनला बाहेरच्या थंडीशी काही देणंघेणं नसतं. त्याला कळते ती पलंगाशेजारची थंडी, आणि तिथे नाशिक विनिपेगला आरामात हरवतं.

यंदा बाबांनाही मशीन लागलं. शिवाय निफाडकडचा एक मामेभाऊ आणि इंदिरानगरच्या काकू आधीपासूनच या पंगतीत आहेत. थंडी पडली की तिघांचे फोन सुरू होतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काही जणांचा घसा झोपेत मिटतो, श्वास अडतो, मेंदू दचकून जागा करतो, आणि हे रात्रभर चालतं. तासाला असे पाचपर्यंत अडथळे चालून जातात, तीसच्या वर गेले की त्याला तीव्र स्लीप ॲप्निया म्हणतात. सीपॅप नाकातून थोड्या दाबाने हवा देतं आणि त्या दाबाने घसा उघडा राहतो. ऑस्ट्रेलियात सिडनीला कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी १९८१ मध्ये ही युक्ती जगापुढे मांडली, आणि पहिल्या यंत्रात व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी लावली होती. आजची मशिन्स पंख्याहून हळू आवाज करतात. पण एक गोष्ट तेव्हापासून तशीच आहे: आत जाणारी हवा तुमच्या खोलीतलीच असते.

आता इथल्या, म्हणजे विनिपेगच्या, घराचं सांगते. तळघरात गॅसवर चालणारी फर्नेस असते, तिथून पत्र्याच्या डक्टमधून प्रत्येक खोलीत गरम हवा येते. दिवसा २१ अंश, रात्री आम्ही १८ वर आणतो. अंगणात उभ्या गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून तिला रात्री विजेची वायर लावून ठेवावी लागते, पण बेडरूममधले १८ काही हलत नाहीत. इथला छळ कोरडेपणाचा. उणे तीसच्या हवेत घनमीटरमागे अर्धा ग्रॅमसुद्धा पाणी नसतं. तीच हवा घरात येऊन तापते. स्वयंपाक आणि आंघोळीची वाफ मिसळली तरी ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, स्वेटर काढताना ठिणग्या उडतात. घरातच दमटपणा वाढवावा तर खिडक्यांच्या काचांवर बर्फ धरतो. म्हणून इथे मी मशीनचा ह्युमिडिफायर, म्हणजे हवेला ओलावा देणारी गरम पाण्याची टाकी, चांगला वर ठेवते आणि नाक सुखी असतं.

नाशिकला सगळं उलटं. घराला हीटिंग नावाचा प्रकार नाही. स्लॅब रात्रभर थंड होत राहतो, फरशी पायाला चटका लावते, सरकत्या खिडक्यांच्या फटींतून वारं येतं. आमच्या उत्तरेकडच्या खोलीत पहाटे १५-१६ अंश असतात. निफाडची तर गोष्टच सोडा. तिथे पारा काही वर्षी पाच अंशांच्या खाली जातो, आणि द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून बागायतदार पहाटे बागांमध्ये शेकोट्या पेटवतात, ठिबक चालू ठेवतात. बागेची एवढी काळजी घेणारा माझा मामेभाऊ स्वतः मात्र खिडकी किलकिली ठेवून झोपतो. मोकळी हवा लागते म्हणे.

अशा खोलीत काय होतं ते बघा. मशीनमधल्या टाकीतलं पाणी गरम होतं, हवा त्यावरून वाफ घेऊन निघते. २७ अंशांची हवा घनमीटरमागे पंचवीसेक ग्रॅम पाणी धरू शकते, १८ अंशांची जेमतेम पंधरा. मधली सहा फूट नळी थंडगार खोलीतून जाते. वाटेत हवा थंड होते आणि जास्तीचं पाणी नळीच्या आत सुटतं, वरणावरच्या झाकणाला आतून सुटतं तसं. मशीन ताशी साधारण दोन हजार लिटर हवा ढकलतं, म्हणजे दोन घनमीटर. घनमीटरमागे पाच ग्रॅम जरी सांडले तरी सकाळपर्यंत अर्धा कप पाणी होतं. आधी नळीत गुळगुळ आवाज येतो, मग दाब हलतो, आणि शेवटी थेट नाकावर शिंतोडे. बाबांनी पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं, "मशीन गळकं आहे, परत करू." मशीन ठणठणीत होतं.

घोळ असा की "थंडीत सीपॅपचा त्रास होतो" या एका वाक्यात तीन निराळ्या तक्रारी दडलेल्या असतात, आणि लोक तिन्हींवर एकच बटण फिरवतात, ह्युमिडिटीचं. म्हणून फोन आला की मी आधी विचारते: थंड काय पडतंय? नळी, नाक, की तुम्ही?

नळी थंड पडत असेल, म्हणजे पाणी साचत असेल, तर ह्युमिडिटी वाढवून पाणी आणखी वाढेल. ऊब द्यायची ती नळीला. सगळ्यात सोपा उपाय पैशाचा: तापणारी नळी. तिच्या अंगात बारीक तार फिरवलेली असते आणि मास्कच्या टोकापर्यंत हवा ठरलेल्या तापमानाला राहते. माझ्या मशीनवर ते १६ ते ३० अंशांमध्ये ठेवता येतं. विनिपेगला मी ऑटोवर सोडते, नाशिकला आले की २८ करते. घेताना एवढंच बघा की नळी तुमच्याच मॉडेलची आहे. साधी नळी कुठेही बसते, हिला मात्र मशीनच्या टोकाला विजेची जोडणी लागते.

पैसे घालायचे नसतील तर नळीला अंगरखा शिवा. काकूंनी जुन्या फ्लॅनेलच्या चादरीचा लांबट पट्टा कापला, कडेला वेल्क्रो लावला आणि नळी त्यात गुंडाळली. कॅनडात हीच वस्तू मी डॉलर मोजून घेतली होती; काकूंची जास्त उबदार आहे, आणि तिच्यावर फुलं आहेत. कव्हर घातलेली नळी पांघरुणातून आत घेतली की तुमच्या अंगाची ऊबही तिला मिळते. फक्त ती कुठे दुमडत नाही ना, ते पाहा.

तिसरी गोष्ट फुकट आहे आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मशीन उशीच्या पातळीपेक्षा खाली ठेवा. बाबांचं मशीन पलंगाच्या हेडबोर्डवर, गणपतीच्या फोटोशेजारी बसवलं होतं, म्हणजे नळीतलं पाणी उतरणार ते सरळ नाकाकडे. ते खाली बुटक्या स्टुलावर आलं आणि निम्मी तक्रार संपली. अगदी जमिनीवर ठेवू नका. फरशीलगतची हवा सगळ्यात थंड असते, आणि धूळही तिथेच. खिडकीच्या खालीही नको. आणि टाकीत पाणी असताना मशीन तिरपं करून उचलू नका, ते पाणी मोटरमध्ये जातं.

एवढं करूनही थेंब दिसले तर मग ह्युमिडिटी एकेक पायरी खाली आणा, आणि प्रत्येक पायरीवर दोन-तीन रात्री थांबा. हे सगळं आपण घरी बदलू शकतो. हवेच्या दाबाचा आकडा मात्र डॉक्टरांचा, त्याला हात लावायचा नाही.

नाक थंड पडतंय, चोंदतंय, जळजळतंय, ही तक्रार वेगळी. इथे ओलावा आणि ऊब दोन्ही कामाला येतात, पण आधी तोंड तपासा. सकाळी जीभ कोरडी ठणठणीत असेल तर रात्री तोंड उघडं राहतंय. नाकातून आलेली हवा तोंडावाटे निघून जाते, नाक सतत वाऱ्यात राहतं, सुजतं, चोंदतं. चोंदलं की तोंड आणखी उघडतं. टाकीत कितीही वाफ केली तरी हे चक्र थांबत नाही. हनुवटीचा पट्टा किंवा नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क, यांपैकी काय ते डॉक्टरांना विचारून ठरवा. झोपण्याआधी मिठाच्या पाण्याचा नाकात मारायचा स्प्रे मला उपयोगी पडतो. काही मशिन्सना टाकी आधीच तापवून ठेवायची सोय असते. अंथरुणात शिरण्यापूर्वी अर्धा तास ती सुरू केली की पहिला श्वास बर्फासारखा येत नाही. पण लवकर तापावं म्हणून टाकीत उकळतं पाणी ओतू नका, साध्या तापमानाचंच घाला.

पाणी कुठलं, हेही लगेच विचारलं जातं. डिस्टिल्ड, आणि तेही मेडिकलमधून आणलेलं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी स्वस्त मिळतं हे मला माहीत आहे, पण ते बॅटरीसाठी असतं, फुप्फुसांसाठी नाही. एखाद्या रात्री नसलंच तर उकळून गार केलेलं चालवा. त्यातले क्षार टाकीच्या तळाला पांढरे धरतात, ते एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दहा भाग पाणी घालून निघतात.

आता तुम्ही स्वतः. इथे नाशिककरांची हत्यारं दोन: माकडटोपी आणि कोल्ड क्रीम. दोन्ही मास्कच्या मुळावर उठतात.

जाड लोकरी माकडटोपीवर मास्कचे पट्टे बांधले की ते रात्रीतून सरकतात आणि डोळ्यांत वारं जायला लागतं. आधी मास्क, वरून सैल टोपी, हा क्रम. आणि झोपण्याआधी गालांना, नाकाला तेल किंवा क्रीम चोपडलं की सिलिकॉनची कड घसरते. पेट्रोलियम जेलीने तर ते सिलिकॉनच हळूहळू खराब होतं. आईचा यावर विश्वास बसत नव्हता. तिच्या मते खोबरेल तेलाने आजवर कशाचंच वाईट झालेलं नाही. तडजोड अशी ठरली की बाबांनी तेल दिवेलागणीला लावायचं आणि झोपायच्या आधी तोंड धुवायचं.

डोक्यावरून गोधडी ओढून झोपायची आपल्याकडे फार जणांना सवय असते. सीपॅप लावून ती मोडा. मास्कवर बारीक भोकं असतात, तिथून उच्छ्वास बाहेर जातो. पांघरुणाने ती झाकली गेली तर सोडलेलीच हवा पुन्हा आत येते. गोधडी हनुवटीपर्यंत, डोक्याला टोपी, मशीनही पांघरुणाबाहेर. त्या भोकांतून निघणारा झोत शेजारी झोपणाऱ्याच्या मानेवर बसतो, हे वेगळंच. माझा नवरा त्याला "घरचा उत्तरेचा वारा" म्हणतो आणि मी कुशीवर वळले की मफलर शोधतो.

खोली गरम करायची असेल तर तेलाचा रेडिएटर बरा, मशीनपासून लांब ठेवून. आधी खिडकीच्या फटी बुजवा, त्याने निम्मं काम होतं. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही नको, अगदी "थोडा वेळच" म्हणूनसुद्धा. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, आणि सीपॅपचा फिल्टर धूळ अडवतो, वायू नाही. मामेभावाला हे मी दरवर्षी सांगते.

सकाळी नळीतलं उरलेलं पाणी झटकून ती कोमट पाण्याने धुवा आणि सावलीत टांगा. विनिपेगच्या कोरड्या घरात ती तासाभरात सुकते, नाशिकच्या थंड बाथरूममध्ये संध्याकाळपर्यंत ओलीच राहते, म्हणून तिथे ती गच्चीच्या जिन्यात असते. घाई असेल तर टाकी रिकामी करून, ह्युमिडिफायर बंद ठेवून मशीन थोडा वेळ नुसतंच चालवायचं.

परदेशातून मशीन घेऊन सुट्टीला येणाऱ्यांसाठी: बहुतेक विमान कंपन्या ते वैद्यकीय उपकरण म्हणून केबिन सामानाच्या मोजणीत धरत नाहीत, तरी डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असू द्या. टाकी रिकामी करूनच भरा. आजकालच्या मशिन्सचा अडॅप्टर बहुधा १०० ते २४० व्होल्टवर चालतो. तो आकडा अडॅप्टरवर छापलेला असतो, तो वाचा. जमला तर ट्रान्सफॉर्मर लागत नाही, फक्त आपल्या गोल पिनांचा प्लग लागतो.

राहता राहिली लाईट. पाणी तापवणं आणि नळी तापवणं, वीज मुख्यतः या दोन कामांत जाते. नुसता हवेचा पंखा फार कमी खातो. त्यामुळे रात्री लाईट गेली आणि मशीन इन्व्हर्टरवर आलं तर ह्युमिडिफायर आणि नळीची ऊब दोन्ही बंद करा, तीच बॅटरी कितीतरी जास्त तास पुरते. नाक थोडं कोरडं पडेल, पण घसा उघडा राहील. बाबांना हे मेनूत शोधता येत नव्हतं, म्हणून मशीनच्या पाठीवर आईने कागद चिकटवला आहे: लाईट गेल्यावर कुठलं बटण किती वेळा दाबायचं. इन्व्हर्टर नवा घेणार असाल तर तो प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या लाईटसारखीच वीज देणारा, आहे ना, तेवढं दुकानात विचारून घ्या.