दहा आठवडे आणि नुसता फेस

फर या सूचिपर्णी झाडाच्या टिश्यू कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत ऊतीपासून रोपं करण्यात, उतरलं की सगळे बुरशीची भीती घालतात. माझ्या प्लेटा बुरशीने फारशा खाल्ल्याच नाहीत. माझं घोडं अडलं ते मॅच्युरेशनला, म्हणजे ऊतीतून पक्के भ्रूण तयार व्हायच्या टप्प्याला, आणि अडलं ते चांगलं सात महिने.

एवढी उठाठेव कशाला, तर नॉर्डमन फरची फांदी कलम करून लावली तरी ती स्वतःला फांदीच समजते. वर्षानुवर्षं आडवी वाढते, सरळ शेंडा धरत नाही. म्हणून सोमॅटिक एम्ब्रियोजेनेसिस: साध्या ऊतीतून भ्रूण घडवायचे आणि त्यांची रोपं करायची. हिरवे शंकू फोडले, कच्च्या बियांतले भ्रूण काढले आणि बीएपी घातलेल्या मीडियावर, म्हणजे पोषक जेलवर ठेवले. बीएपी हे सायटोकायनिन, पेशींना वाढत ठेवणारं हार्मोन. स्प्रूस या फरच्या भाऊबंदाला सोबत ऑक्झिन हे दुसरं हार्मोन घालायची पद्धत आहे, फरला नुसतं सायटोकायनिन पुरतं. काही आठवड्यांत पांढरी, चिकट, किंचित पारदर्शक ऊती फुटली. दर दोन आठवड्यांनी सबकल्चर केलं, म्हणजे ताज्या मीडियावर हलवलं, की दुप्पट. मी खूश.

मग ती मॅच्युरेशन मीडियावर टाकली: एबीए (भ्रूण पक्का करणारं हार्मोन), माल्टोज ही साखर आणि पीईजी ४००० (ऊतीला पाणी कमी मिळू देणारं पॉलिमर). अंधारात ठेवायचं आणि वाट पाहायची. दहा आठवडे पाहिली. झाकण काढलं तर भाताच्या पेजेवर येतो तसा फेस, भ्रूण एकही नाही. दुसऱ्या खेपेला एबीए वाढवलं, फेस थोडा तपकिरी झाला एवढंच. तिसऱ्या खेपेला मीडिया घट्टच होईना, कारण पीईजी असलं की जेल आधीच ढिलं पडतं आणि माझा पीएचही घसरलेला होता. ऊतीचे गोळे त्यात बुडून मेले. (ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबाखाली, निर्जंतुक करण्याआधी पीएच ५.८ ला आणा, ‘साधारण ठीक आहे’ म्हणून सोडू नका.) प्रत्येक चूक कळायला दोन-अडीच महिने. लिहिलेल्या कृतीत या टप्प्याला एक ओळ होती: ‘ऊती मॅच्युरेशन मीडियावर हलवावी.’ कशी हलवावी, यावर चकार शब्द नाही. ती ओळ आठवली की अजून डोकं तापतं.

शेवटी प्लेट प्रयोगशाळेतल्या मॅडमपुढे ठेवली. त्यांनी एक नजर टाकली.

“हे गोळे कोणी ठेवले?”

“मीच.”

“आणि बीएपीवरून उचलून थेट एबीएवर?”

“हो मॅडम.”

“मग ती वाढतच राहणार. तिला थांब म्हणून सांगितलंस कुठे?”

चौथ्या खेपेला ऊती आठवडाभर हार्मोन नसलेल्या मीडियावर ठेवली. मग द्रवात ढवळून मोकळी केली, फिल्टर पेपरवर पातळ थर ओतला, पाणी शोषून घेतलं आणि पेपरसकट मीडियावर ठेवली. सूक्ष्मदर्शकाखाली आता गाठ नव्हती. घट्ट डोकं आणि त्यामागे लांब काचेसारखी शेपटी, असे भ्रूण सुटे दिसत होते. सातव्या आठवड्यात पेपरवर दुधट रंगाचे दाणे उभे राहिले. एकाच्या टोकाला बीजपत्रांचा मुकुट होता. मी पाच मोजली, पुन्हा मोजली, आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीला ओढत आणून दाखवली.

त्या आनंदात पहिले चाळीस भ्रूण तसेच उजेडात रुजत घातले. फुगले, वाकडे झाले, मूळ एकालाही नाही. आधी तीन आठवडे बंद डिशमध्ये, शेजारी पाण्याचा ओलावा ठेवून, हळूहळू सुकवायचे असतात. हे मला माहीत होतं. घाई नडली.

एक सांगायचं राहिलं, एबीए गाळून घालायचं: ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून, मीडिया कोमट झाल्यावर. बाटलीला फॉइल गुंडाळा, उजेडाने ते निकामी होतं. आणि ऊती हाती लागताच थोडी द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर ठेवून द्या. कच्च्या बीपासून सुरुवात केली म्हणजे क्लोन त्या बीचा, आईझाडाचा नव्हे. झाड कसं निघालं हे शेतात कळेपर्यंत वर्षं जातात आणि तोवर प्लेटमधली ऊती म्हातारी होते.

सध्या कुंड्यांत नऊ रोपं आहेत. मुळं छान आहेत, सुया हिरव्या आहेत. सहांच्या शेंड्यावर कळी मिटून बसली आहे आणि हलायला तयार नाही. त्यांना आता थंडीत ठेवलंय.