एकच फाइल हिरवीही आणि लालही

टीममधल्या एका सहकाऱ्याच्या मशीनवर सगळ्या टेस्ट पास होत होत्या आणि बिल्ड सर्व्हरवर (टीमचा कोड आपोआप तपासणाऱ्या मशीनवर) त्याच्याच कमिटची (नोंदवलेल्या बदलाची) एक टेस्ट फेल. फाइल कमिट करूनही गिट या कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या स्टेटसमध्ये ती लालच राहिली होती. म्हणून त्याने ती पुन्हा ॲड केली (पुढच्या कमिटसाठी निवडली), मग तपासणीसाठी एक प्रिंटची ओळ टाकली. आता तीच फाइल हिरव्या यादीतही होती आणि लाल यादीतही. गिट बिघडलंय असं त्याला वाटत होतं. खरं तर गिट अगदी नेमकं बोलत होतं.

स्टेटस एक नव्हे, दोन तुलना दाखवतं. हिरवी यादी म्हणजे शेवटचा कमिट आणि स्टेजिंग (ॲड केलेले बदल जिथे थांबतात ती जागा) यांतला फरक. लाल यादी म्हणजे स्टेजिंग आणि डिस्कवरची फाइल यांतला. ॲड केल्यावर गिट फाइलची त्या क्षणीची प्रत ठेवतं, फाइलवर नजर ठेवत नाही. त्याने आधी ॲड केलं, नंतर इफची अट दुरुस्त केली आणि पुन्हा ॲड न करता कमिट केलं. सर्व्हरवर गेली ती जुनी अट.

मी त्याला गिट डिफ (फरक दाखवणारा कमांड) चालवायला सांगितलं: फक्त प्रिंटची ओळ दिसली. कॅश्ड हा पर्याय लावल्यावर दुरुस्त अट दिसली. दोन्ही एकत्र हवं असेल तर गिट डिफ हेड (हेड म्हणजे शेवटचा कमिट). स्टेटसच्या शॉर्ट रूपात हेच दोन अक्षरांत येतं, एम एम (एम म्हणजे मॉडिफाइड, बदललेली): डावं स्टेजिंगचं, उजवं डिस्कवरचं. एकच एम असेल तर तो कोणत्या रकान्यात आहे ते नीट बघा, कारण सगळा अर्थ त्या रिकाम्या जागेत असतो.

अट कमिट झाली. प्रिंटची ओळ गिट रिस्टोरने काढली. हा कमांड जपून वापरावा; ॲड न केलेला बदल गेला की गिटकडून परत मिळत नाही. (२०१९ मधल्या २.२३ आवृत्तीपूर्वीचं गिट इथे चेकआउट सुचवतं, काम तेच.)

मग पुश (कमिट सर्व्हरवर पाठवणं) नाकारला गेला, आणि स्टेटस तर आपण रिमोटपेक्षा (सर्व्हरवरच्या प्रतीपेक्षा) एका कमिटने पुढे आहोत एवढंच सांगत होतं. स्टेटस नेटवर्कवर जातच नाही. रिमोटशी शेवटचा संपर्क झाला तेव्हा ब्रँच (कामाची शाखा) जिथे होती, त्या स्थानिक नोंदीशी ते तुलना करतं. ‘अप टू डेट’ या ओळीवरही म्हणूनच डोळे झाकून विसंबू नये. गिट फेच करून रिमोटची ताजी माहिती आणल्यावर खरं चित्र आलं: ब्रँच दुभंगलेली, दोन्हीकडे एकेक वेगळा कमिट. डिस्कवर लाल काही उरलं नव्हतं, त्यामुळे पुलला रिबेस लावून (रिमोटचा कमिट आणून आपला त्यावर रचत) चालवता आलं. न स्टेज केलेले बदल असते तर गिटने तिथेच अडवलं असतं. त्यानंतर पुश झाला आणि टेस्टही पास झाली.