किक कोणाची

गाडी सुरू झाली. हे आधी लिहून टाकतो, कारण संध्याकाळपासून घरातल्या प्रत्येकाने "झाली की हो एकदाची" म्हटलंय आणि मीही प्रत्येकाकडे बघून नीट हसलोय. इतकी वर्षं ताडपत्रीखाली पडलेली बुलेट सुरू झाली, धूर सोडला, शेजारच्यांनी खिडक्या उघडून बघितलं. जे जे व्हायला हवं ते सगळं झालं. तरी जेवण गेलं नाही आणि आता झोपही नाही.

कारण एवढंसंच आहे. "काका, तू हो बाजूला."

बारक्या हे उद्धटपणे म्हणाला असता तर बरं झालं असतं. ओरडता तरी आलं असतं. म्हाताऱ्या माणसाच्या हातातली जड पिशवी घ्यावी तशा सुरात म्हणाला. आणि मी झालो बाजूला. तेच डोक्यातून जात नाहीये. एका शब्दाने "थांब रे" म्हटलं नाही. मुकाट्याने झालो.

आता हिशेब मांडतो. ही गाडी उघडली कोणी? बंद पडून राहिलेल्या जुन्या बुलेटमधलं तेल हळूहळू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पोटात, उतरून बसतं, तसंच कोणी किक मारली तर ते नको तिथून बाहेर पडतं, हे माहीत कोणाला होतं? मला. ते काढलं मी. प्लग काढून सिलेंडरमध्ये तेल सोडलं, पिस्टनच्या चिकटलेल्या रिंगा सुटाव्यात म्हणून दोन दिवस तसंच ठेवलं, मग प्लगशिवाय हाताने किक खाली नेत नेत पिस्टन हलतोय का ते बघितलं. हलला तेव्हा तिथे कोणी नव्हतं. कोणाला सांगायला गेलोही नाही. सांगून समजणारा होता तो… असो.

टाकीचं तर विचारूच नका. आत बॅटरी मारून बघितलं तर तांबडालाल गंज. सायट्रिक ॲसिड पाण्यात घालून रात्रभर ठेवलं, मग सोडा घालून धुतली, मग ती ताबडतोब कोरडी करून आतून तेलाचा हात फिरवला, नाहीतर तासाभरात पुन्हा गंज धरतो. पेट्रोल नव्हतंच म्हणा टाकीत. पेट्रोलचं उडून जाणारं ते सगळं उडून गेलं होतं आणि उरलं होतं ते व्हार्निश लावल्यासारखं काहीतरी, जुन्या रंगाच्या दुकानात येतो तसला वास.

तेच कार्बोरेटरमध्ये. त्या मिकार्ब कार्बोरेटरचा खालचा पेट्रोलचा वाडगा उघडला तर फ्लोट, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता, जागच्या जागी चिकटलेला. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी पितळी भोकं. मेन जेट साफ झाला लगेच. पायलट जेट मात्र होईना. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक. त्यात पोलादी तार घालायची नाही, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी जन्मभर पेट्रोल पिते. वायरमधला तांब्याचा एकच धागा काढला आणि तो फिरवत बसलो, थोडं कार्ब क्लीनर, पुन्हा धागा. चष्मा कपाळावर चढवून जेट ट्यूबलाइटसमोर धरायचा, उजेड दिसतो का बघायचं. ज्या दिवशी टाचणीच्या टोकाएवढा गोल उजेड दिसला, त्या दिवशी मी आत येऊन चहा मागितला आणि हिने विचारलं, "आज काय झालं?" काही नाही म्हटलं.

प्लगला ठिणगी देणाऱ्या पॉइंट्सवर पांढुरकी बुरशी धरली होती. घासून गॅप लावला, ०.३५ ते ०.४० मिलिमीटरमध्ये असायला हवा. फट मोजायच्या फिलर गेजची पट्टी आत सरकताना किंचित ओढ लागायला हवी, फार घट्ट नको, सैल नको. ही ओढ सांगून शिकवता येत नाही.

इतकं सगळं केल्यावर किक.

बुलेटची किक ही धसमुसळेपणाची गोष्टच नाही मुळी. चावी लावायची, किकवर पाय हलका दाबत जायचं आणि नजर ॲमीटरच्या काट्यावर. पॉइंट्स मिटलेले असले की काटा डावीकडे झुकतो, उघडले की मधोमध येतो. मधे आला, की थांबायचं. डिकॉम्प्रेसर, म्हणजे सिलेंडरमधला दाब सोडायचा लिव्हर, दाबायचा, पिस्टन अगदी बोटभर पुढे जाऊ द्यायचा, डिकॉम्प्रेसर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग एकच. सबंध पाय, सबंध वजन, शेवटपर्यंत. अर्धवट मारली तर उलट मारते. ३४६ सीसीचा एकच सिलेंडर आहे, गंमत नाही.

मी अगदी असंच करत होतो. काटा मधे, डिकॉम्प्रेसर, सगळं. फक्त ते 'सबंध वजन' काही होत नव्हतं. शेवटच्या वितीला पाय आपोआप राखून खाली यायचा. गुडघ्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवलंय, त्यामुळे लिहीत नाही. दम घ्यायचो, पुन्हा काटा मधे आणायचो. इंजिन एकदा नुसतं फुसफुसलं आणि गप्प. बारक्या मोबाइल खिशात टाकून आला आणि म्हणाला ते वाक्य.

पायात स्लिपर! बुलेटला स्लिपर घालून किक! काट्याकडे बघितलं नाही. डिकॉम्प्रेसर कशाशी खातात हे त्याला माहीत नाही. नुसता किकवर उभा राहिला, वर उचलला गेला आणि आदळला. दादा अशीच मारायचा, उडी घेऊन.

आणि झाली सुरू. पहिल्या फटक्यात.

मी फिलर गेज हातात धरून उभा. सगळ्यांनी टाळ्या कोणाकडे बघून वाजवल्या ते मला दिसलं. बाजूला हो म्हटल्यावर माणूस बाजूला झाला की तो मग बाजूलाच राहतो. ऑफिसातही हेच झालं, घरातही… नको.

पण मला एक सांगा. सिलेंडरपर्यंत पेट्रोल आलं ते माझ्या किकांनी का नाही? चोक लावून मी जे मारत होतो, त्याने आतली नळी ओली झाली. सिलेंडरमध्ये सोडलेलं तेल प्लगवर आलं असणार, तेही माझ्याच किकांनी हळूहळू निघून गेलं. फुसफुसली ती माझ्या पायाखाली. म्हणजे इंजिन सुरू व्हायच्या उंबरठ्यावर आणून ठेवलं मी, आणि याने फक्त ढकललं. त्याच्या किकेत जळलं ते पेट्रोल माझ्या किकेने ओढलेलं होतं. हे शास्त्र आहे.

वरचं पुन्हा वाचलं. रात्री साडेअकराला एक माणूस पेट्रोलचा मालकी हक्क सिद्ध करतोय. वकील लावायचा राहिलाय फक्त.

पुढचं लिहायचं राहिलंच. सुरू झाल्यावर साहेबांना चक्कर मारायची होती. मी सांगत होतो की बाबा रे, या जुन्या गाडीचा गिअर उजव्या पायाला आहे आणि ब्रेक डाव्या. पहिला वर, बाकीचे खाली. "हो हो, कळलं." फाटकापाशी पोचला, थांबायचं होतं, सवयीने उजवा पाय दाबला. गाडी थांबते कसली, पहिल्यातून दुसऱ्यात गेली. त्याचा चेहरा! मग पुढचा ब्रेक आवळला, क्लच राहून गेला, चार आचके आणि बंद. न्यूट्रल सापडेना. टाचेजवळच्या छोट्या लिव्हरने न्यूट्रल सापडतो हे त्याला मी तिथे जाऊन दाखवलं.

त्या क्षणी तेच वाक्य त्याला परत करता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. गिळलं. मोठेपणा वगैरे काही नाही, गाडी बंद पडली होती आणि पुन्हा किक मारायला तोच लागणार होता.

टायर बदलायलाच हवेत. बाजूला बघितलं तर ३४०९ छापलंय, म्हणजे २००९ सालचा चौतिसावा आठवडा. भेगांत नख जातंय. बरं आहे की दोन्ही चाकांना एकच माप लागतं, ३.२५-१९. ब्रेक शूजही पाहायचेत, ते काम मात्र दोघांचं आहे, एकाने चाक धरायला हवं. रविवारी येतो म्हणालाय. काट्याचं तंत्रही शिकवतो म्हटलं, तर "व्हिडिओ बघून घेतो" म्हणे. बघ. निदान बूट घालून ये, म्हटलं, किक उलटली तर घोटा जाईल. "हो काका" म्हणाला आणि स्लिपर फटकवत गेला.