विक्रीकर भाग २

आज फोंड्याला काकांचं कपाट रिकामं करत होतो, भंगारवाला काटा घेऊन दारातच. कॉस्टिंग, ऑडिट, कंपनी लॉ, मधेच कादंबऱ्या, रहस्यकथा, सगळी खिचडी. भाव सगळ्यांना एकच, किलोवर.

विक्रीकर-व्हॅटचा गठ्ठा मी आधीच त्याच्याकडे सरकवलेला, २०१७ च्या जुलैत जीएसटी आला आणि ती पुस्तकं गेलीच म्हणायची (दारू न पेट्रोल अजून व्हॅटमध्येच आहे म्हणा, आणि गोव्यात तेच काय कमी आहे!). आयकराची पण तीच गत, १९६१ चा कायदा जाऊन २०२५ चा आला.

तेवढ्यात त्या गठ्ठ्यातलं एक निसटून खाली पडलं. खाकी कव्हर, वर काकांच्या सुबक अक्षरात 'विक्रीकर भाग २'. उघडलं तर आत खुनाची कादंबरी, पानं पार मऊ झालेली, मधे कदंब बसचं जुनं तिकीट.

काकी बघतच राहिली. म्हणाली, "तरीच! रात्री बारा-बारापर्यंत ह्यांना टॅक्समध्ये एवढं काय सापडायचं!"

मग काय, काट्यावरचा गठ्ठा परत उतरवला आणि एकेक कव्हर उघडून बघत बसलो, भंगारवाला वैतागून गेला.

भाग १ अजून सापडला नाहीये. तुमच्याकडे कुणी असं लपवून वाचायचं का?