तीन दिवसांचा दादा

दसरा होऊन आठवडा झाला होता. पहाटे साडेपाचला छत्रपती संभाजीनगर सोडलं, तेव्हा गाडीच्या काचेवर दव होतं. गाडीत मी, माझा मित्र आणि मागच्या सीटवर त्याचे वडील. काकांचं वय चौऱ्याहत्तर, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत कोऱ्या वह्या. आयुष्यभर त्यांनी लहान मुलांची ऑपरेशनं केली. गेली तीन वर्षं ते आणि त्यांच्याच वयाचे सहा-सात डॉक्टर मराठवाड्यातल्या बालशस्त्रक्रियेचा इतिहास गोळा करताहेत. मंडळाला अजून नाव नाही, कचेरी नाही. काकांच्या घरातलं एक लोखंडी कपाट आहे. त्यात काचेच्या सिरिंज, वाळून कडक झालेल्या रबरी नळ्या, ऑपरेशनच्या नोंदवह्या आणि नातीनं लावून दिलेली मुलाखतींची यादी.

पहिल्याच बैठकीत वाद झाला म्हणे, इतिहास सुरू कुठून करायचा? एक डॉक्टर म्हणाले, बोस्टनच्या विल्यम लॅडपासून. डिसेंबर १९१७ मध्ये कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात दारूगोळ्याच्या जहाजाचा प्रचंड स्फोट झाला. तिथे धावून गेलेल्या पथकात लॅड होते, आणि पुढे त्यांनी लहान मुलांच्याच शस्त्रक्रियेला वाहून घेतलं. दुसरे म्हणाले, १९५३ पासून, त्या वर्षी ब्रिटनमधल्या बालशल्यचिकित्सकांची संघटना झाली. तिसऱ्यांचं म्हणणं, आपली भारतीय संघटना १९६५ ची, तिथून धरा. काकांनी सुश्रुत काढला. मुतखडा लहान मुलांना जास्त होतो, आणि त्यांचं मूत्राशय लहान, त्यावर मांस कमी, म्हणून तो धरून काढणंही सोपं जातं, असं सुश्रुतसंहितेत स्पष्ट लिहिलंय. मूल म्हणजे छोट्या मापाचा मोठा माणूस नव्हे, हे तिथे कुणाच्या तरी हाताला कळलेलं दिसतं. मला तरी काकांचं पटलं.

वादात पहिलं वर्ष गेलं. दुसऱ्या वर्षी मंडळातले सर्वांत ज्येष्ठ डॉक्टर गेले. त्यांची मुलाखत ‘पुढच्या महिन्यात’ घ्यायची ठरली होती. तेव्हापासून वाद थांबले आणि प्रवास सुरू झाले.

शहागडला गोदावरी ओलांडली. दोन्ही काठ भरून पाणी होतं. गेवराईच्या पुढे कापूस फुटला होता, आणि ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर दिसू लागले. ट्रॉलीत भांडी, अंथरुणं, वर बसलेली लेकरं. बीडच्या पुढे मांजरसुंब्याच्या घाटात सीताफळाच्या पाट्या मांडलेल्या. आम्ही थांबलो, खाल्ली, वाटेसाठी पाटीभर घेतलीही. बालाघाटच्या सीताफळाला तोड नाही, एवढंच म्हणतो.

अंबाजोगाई जवळ आली तसे काका निजामाच्या काळात शिरले. तेव्हा हे मोमिनाबाद, निजामाच्या राज्यातलं छावणीचं गाव. त्याच राज्यात, हैदराबादला, १८८८ आणि १८८९ साली क्लोरोफॉर्म या भुलीच्या औषधावर दोन आयोग बसले. खर्च निजामाचा, पुढाकार एडवर्ड लॉरी या डॉक्टरचा. क्लोरोफॉर्मनं माणूस दगावतो तो श्वास थांबून की हृदय थांबून, हा प्रश्न. आयोग म्हणाला, श्वास. पुढे १९११ मध्ये हृदयही बंद पडू शकतं हे सिद्ध झालं. पण हा प्रश्न जिच्यापासून सुरू झाला ती हॅना ग्रीनर पंधरा वर्षांची होती. पायाच्या बोटाचं नख काढायचं होतं फक्त; क्लोरोफॉर्म दिला आणि ती दगावली. २८ जानेवारी १८४८, इंग्लंडात. काकांना ही तारीख तोंडपाठ आहे.

आम्ही आलो होतो ते एका निवृत्त सिस्टरांना भेटायला. दोन खोल्यांचं घर, दारात तुळस. सिस्टरांनी आधी चहा दिला, मग आतून एक टॉवेल आणि कापसाचं बंडल आणलं. ऑपरेशन झालेलं तान्हं बाळ गार पडू नये म्हणून कसं गुंडाळायचं, ते त्यांना करूनच दाखवायचं होतं. बाळाच्या जागी उशी घेतली. कापसाचा पातळ थर उलगडून आधी डोकं, मग छाती, मग पाय, सलाइनचा हात तेवढा बाहेर. बोटं वाकडी झालीत आता, तरी कापूस कुठेच फाटला नाही. ‘‘डोकं आधी,’’ त्या दोनदा म्हणाल्या, ‘‘ऊब डोक्यातनं जाते.’’ काचेची पेटी नव्हती तेव्हा लाकडी खोक्यात साठचा बल्ब लावायच्या. रात्रभर खोक्यापाशी बसून हात आत घालून बघायचं, चटका बसतोय की गारठा.

मग त्यांनी वही काढली. त्यांची स्वतःची, दवाखान्याची नव्हे. नुकत्या जन्मलेल्या बाळाला नाव नसतं, म्हणून प्रत्येक ओळीत ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव. घरी गेलेल्या बाळापुढे लाल पेन्सिलीची खूण. ज्यांच्यापुढे खूण नव्हती त्या ओळींवरून त्यांचं बोट जरा हळू सरकत होतं. एका ओळीत लिहिलं होतं : ‘फेस. नळी जात नाही.’

मी विचारलं, हे काय?

काकांनी सांगितलं. काही बाळांची अन्ननळी वरच्या वर बंद असते आणि तिचा खालचा तुकडा बहुधा श्वासनळीला जोडलेला असतो. साधारण साडेतीन-चार हजारांत एक बाळ. तोंडाला फेस येतो, पाजलं की निळं पडतं, आणि तोंडातून घातलेली नळी पोटात उतरत नाही. थॉमस गिब्सननं १६९७ मध्येच याचं नेमकं वर्णन केलं होतं. पण अन्ननळीची दोन्ही टोकं एकाच ऑपरेशनात जोडून बाळ जगलं ते थेट १९४१ मध्ये, अमेरिकेतल्या कॅमेरॉन हाइट यांच्या हातून. दोनशे चव्वेचाळीस वर्षं आजार माहीत होता, पण हे कुणाला जमलं नव्हतं.

मी गप्प झालो. माझ्या आधी मला एक भाऊ झाला होता. १९७१ मध्ये. तीन दिवसांचा होऊन गेला. आई त्याच्याबद्दल एवढंच सांगायची, ‘‘फेस यायचा रे तोंडाला.’’

काकांना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘‘आई बोलतील का?’’

दुपारी योगेश्वरीचं दर्शन घेतलं. देवळाजवळच्या गल्लीत एका सोनाराकडे बाळाचे कान टोचायचे चालले होते. मामाच्या मांडीवर बाळ, समोर मावशी खुळखुळा वाजवतेय. सोनारानं कानाची पाळी दोन बोटांत ताणून उन्हाकडे धरली, जिथून लाल उजेड आरपार दिसला तिथे तार घातली, वर तेल-हळद. काका जागीच उभे राहिले. सुश्रुतानं कर्णवेध असाच सांगितलाय : सहाव्या-सातव्या महिन्यात, मूल दाईच्या मांडीवर, खेळण्यांनी रमवून, पाळीत सूर्याचा किरण चमकतो तिथे, हळूहळू, सरळ. मुलाचा आधी उजवा कान, मुलीचा डावा. आपल्याकडे कान सोनारानंच टोचावेत म्हणतात. म्हणताना त्या बोटांत किती जुनं शिक्षण आहे, हे कधी मनात आलं नव्हतं.

संध्याकाळी घाटनांदूरकडच्या आमच्या गावी पोचलो. आईनं भाकरी टाकल्या. जेवणं झाल्यावर काकांनी हळूच विषय काढला.

‘‘इनमिन तीन दिवस होतं लेकरू,’’ आई म्हणाली. ‘‘तोंडात घेतलं की फेस, की निळं. सासूबाई म्हणल्या, तुझं दूध बाधलं.’’ पन्नासच्या वर वर्षं झाली. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

काकांनी वहीच्या पानावर दोन नळ्या काढल्या. ‘‘बघून सांगता आलं असतं तर बरं, ताई. पण तुम्ही सांगता त्यावरून हेच असावं. ही नळी गर्भातच बंद राहिलेली. तुमच्या दुधाचा काही संबंध नाही.’’

आईनं कागद दिव्याखाली धरला. ‘‘म्हणजे दूध पोटात गेलंच नाही?’’

‘‘नाही, ताई.’’

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘म्हणजे भुकेलं होतं ते.’’

कुणीच काही बोललं नाही. बाहेर गोठ्यात म्हशीच्या साखळीचा आवाज तेवढा.

‘‘डॉक्टर, तुमच्या वहीत त्याला लिहाल का?’’ आई म्हणाली. ‘‘बारसं झालंच नव्हतं.’’

काकांनी नवीन वही उघडली. वर १९७१ लिहिलं, खाली ‘बेबी ऑफ’ लिहिलं, आणि पेन थांबवून आईला तिचं नाव विचारलं.