एलएमएमएस, सहावा आठवडा: ढोल बसवला

पहिले पाच आठवडे भराभर सांगतो. एलएमएमएस १.२ (संगणकावर गाणी बनवायचं मोफत सॉफ्टवेअर) उतरवून घेतलं, त्याच्या बीट-बेसलाइन एडिटरमध्ये चार ठोक्यांची किक (बास ड्रमचा ठोका) लावली, त्यातल्याच ट्रिपल ऑसिलेटर या सिंथवर बास केला. ते जमत गेलं. खरी मेहनत सुरू झाली नाशिक ढोल आत आणायचं ठरवल्यावर.

गणपतीच्या आधी इथे पथकांचा सराव जोरात असतो. पहिल्या संध्याकाळी फोन घेऊन अगदी ढोलांना खेटून उभा राहिलो. घरी ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं, तर लाटांचे माथे सपाट कापले गेलेले. असा फाटलेला आवाज नंतर पूर्ण सांधता येत नाही. दुसऱ्या दिवशी वीसेक पावलं मागे सरकलो आणि टिपरू (ढोलाची काठी) पानावर, म्हणजे ढोलाच्या पडद्यावर, पडतानाचा टणका स्वच्छ मिळाला.

पथक एकाच लयीवर टिकत नाही, हे मोजल्यावर कळलं. सुरुवातीला मिनिटाला ११८ ठोके, रंगात आल्यावर १२६. मग आख्खी क्लिप ताणण्यापेक्षा शेवटचा भाग घेतला, गाण्याचा टेम्पोच १२६ ठेवला आणि एकेका बारचे तुकडे कापले. १२६ ला चार ठोक्यांचा बार साधारण १.९ सेकंदांचा होतो. तुकडा टिपरू पडतं त्या क्षणापासूनच कापायचा. आधी जराशी शांतता राहिली, तरी किक आणि ढोल मागेपुढे पडतात.

ताशा मात्र ग्रिडवर (ठोक्यांच्या नेमक्या रेषांवर) ओढू नका. मी ओढून पाहिला. तर्रीचा (ताशावरच्या सलग भरभर ठोक्यांचा) प्रत्येक ठोका जागच्या जागी बसला आणि तिच्यातला जीवच गेला. आहे तसा परत ठेवला. ती किंचित घाई हीच तर आपल्या ढोल-ताशाची चाल आहे!

नंतर तळाला गर्दी झाली. किक, बास आणि ढोलाचा घुमारा तिघेही एकाच जागेसाठी भांडत होते. ढोलाचा १०० हर्ट्झखालचा भाग इक्वलायझरने काढून टाकला. बाससाठी किकच्या चॅनेलवर पीक कंट्रोलर (आवाजाच्या जोरावर दुसरा नॉब हलवणारं साधन) लावला, बासच्या चॅनेलवर अ‍ॅम्प्लिफायर टाकला आणि त्याच्या व्हॉल्यूमच्या नॉबवर राइट क्लिक करून तो कंट्रोलरला जोडला. अमाउंट उणे ठेवलं की किक वाजताच बास खाली बसतो आणि लगेच वर येतो. डिके (बास परत वर यायला लागणारा वेळ) वाढवत नेला तसा बास श्वास घेतल्यासारखा वाटू लागला. दोन रात्री फक्त त्या एका नॉबवर गेल्या, आणि त्या सत्कारणी लागल्या.

हे सगळं हेडफोनवरच तपासा. लॅपटॉपच्या स्पीकरवर ५५ हर्ट्झचा बास ऐकूच येत नाही.

आता अडलंय ताशापाशी. दोन मिनिटं सलग ऐकला की कानाला टोचतो. ४ किलोहर्ट्झच्या आसपास थोडं उतरवून बघतोय, पण जास्त उतरवलं की तो डब्यासारखा वाजतो. कुणी ताशा मिक्स केला असेल, तर कुठे आणि किती उतरवता ते नक्की सांगा.