बॅटरी नाही रे, चार्जिंगच नाही!

आजचा रविवार पूर्ण दुचाकीने खाल्ला. पावसाळा सुरू झाल्यापासून सेल्फ मारला की नुसतं टक टक टक, गॅरेजवाला म्हणे बॅटरी गेली, नवीन टाका. पण बॅटरी मागच्याच दिवाळीतली, एवढ्यात कशी जाईल, म्हणून आज मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं मीटर) घेऊन पार्किंगमध्येच बसलो. आधी बॅटरी फुल चार्ज करून घेतलेली, गाडी बंद असताना 12.6 व्होल्ट, म्हणजे बॅटरी ठणठणीत. मग किक मारून चालू केली, रेस दिला, तर आकडा 14 च्या आसपास जायला हवा ना, तो उलटा खाली यायला लागला! म्हणजे बॅटरी बिचारी नुसती देतेय, तिला मिळत काहीच नाही.

मग सीट काढून रेग्युलेटर गाठला, म्हणजे इंजिनवरची एसी वीज डीसी करून बॅटरीला बेताने देणारा डबा. मॅग्नेटकडून (इंजिनवर वीज बनते तिथून) येणाऱ्या तीन पिवळ्या वायरी, त्यांच्यात दोन-दोन करून एसी व्होल्टेज बघितलं, तिन्हीकडे सारखंच, अर्थला (गाडीच्या बॉडीला) पण कुठे लागत नव्हत्या, म्हणजे मॅग्नेटची कॉइल ओके. पण या वायरी रेग्युलेटरला जोडणारा प्लास्टिकचा कपलर? एक पिन हिरवी पडलेली, शेजारची काळी आणि प्लास्टिक पापडासारखं फुगलेलं. पाणी गेलं की पिन गंजते, काँटॅक्ट लूज होतो, मग तिथेच गरम होऊन जळते. रेग्युलेटर बदलायच्या आधी हे बघत जा राव, तो महाग असतो, कपलर किरकोळीत मिळतो.

नवीन कपलर टाकला, ग्रीस लावलं, आता 14.2. हॉर्नचा आवाज मात्र अजून घसा बसल्यासारखाच आहे, त्याचं कुणाला काही माहितीये का?